चामखीळ गेली, श्रेय कुणाला?

तळपायाला चामखीळ झालीय असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग उपाय सांगतात. हसण्याचं मला काही वाटत नाही. हा काही सहानुभूती मिळवून देणारा आजार नव्हे. रजा टाकावी एवढा तो मोठा नाही आणि विसरून जावं एवढा छोटाही नाही. नवल वाटतं ते उपायांचं. ते प्रत्येकाकडे असतात, आणि प्रत्येकाचा उपाय लागू पडलेला असतो. एकाने चिकटपट्टी लावली, गेली. दुसऱ्याने ॲसिड लावलं, गेली. तिसऱ्याने जाळून घेतली, चौथ्याने गोठवून घेतली, पाचव्याने दोरा बांधला, सगळ्यांच्याच गेल्या. सहावा आळशी होता. त्याने काहीच केलं नाही, आणि त्याचीही गेली.

एखाद्या आजारावर इतके उपाय असले की समजावं, एक तर तो कशानेच बरा होत नाही किंवा आपला आपण बरा होतो. चामखीळ या दोन्हींत थोडी थोडी मोडते, आणि हीच तिची खोड.

माझी उजव्या टाचेच्या पुढच्या कडेला होती. आधी चप्पल झटकण्यात बरेच दिवस गेले, कारण आत खडा आहे याची खात्रीच होती. खडा निघेना. मग वाटलं कुरूप असेल. वरून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात, पिवळट, टणक, गोल. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी मात्र भिंग हातात घ्यायच्या आधी एक साधी गोष्ट केली. ती जागा अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही बाजूंनी चिमटली. मी कळवळलो. मग अंगठ्याने वरून सरळ दाबली. तेवढं दुखलं नाही. "कुरूप वरून दाबलं की दुखतं, ही बाजूंनी दाबली की दुखते," त्या म्हणाल्या.

ही खूण दर वेळी खरी ठरतेच असं नाही, म्हणून त्यांनी दुसरी पाहिली. तळव्याच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. घट्टा पडलेला असेल तर त्या रेषा त्याच्या अंगावरून तशाच पुढे जातात. चामखिळीच्या कडेशी त्या तुटतात, आणि तिला वळसा घालून पलीकडे पुन्हा सुरू होतात. हे एकदा भिंगातून पाहिलं की विसरता येत नाही. तिसरी खूण पाहायला पातं लागतं. पातं पाहून माझा पाय आपसूक मागे सरकला, पण सोलणं दुखत नाही. मेलेली कातडी ती. पातळ, मेणचट पापुद्रे एकामागून एक निघत गेले आणि खाली बारीक काळे ठिपके दिसायला लागले. लोक यांना चामखिळीची मुळं म्हणतात. मुळं-बिळं काही नाहीत. चामखीळ बाह्यत्वचेच्या खाली उतरतच नाही. तिला दाणापाणी पुरवायला ज्या केशवाहिन्या वर खेचल्या गेलेल्या असतात त्यांच्यात रक्त साकळून काळं पडतं, तेच हे ठिपके. पातं आणखी किंचित खाली गेलं तसं त्यांतल्या दोन-तीन ठिपक्यांतून टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं, आणि डॉक्टरबाईंनी समाधानाने मान हलवली. रोग्याचं रक्त पाहून डॉक्टरला इतकं बरं वाटल्याचं मी तेव्हाच पाहिलं.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती थट्टेत हरवायला नको. तळव्यावरचा प्रत्येक काळा डाग चामखिळीचा नसतो. मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर गडद वर्णाच्या माणसांत होतो तेव्हा अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, आणि चामखीळ समजून त्यावर औषधं चोळत बसलेली माणसं असतात. घरी काहीही फवारण्याआधी एकदा जाणत्या नजरेखालून तो डाग घालावा, एवढंच.

बाकी चामखीळ हा प्रकार मला, खरं सांगायचं तर, हुशार वाटतो. ती होते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे. एचपीव्ही म्हटलं की हल्ली लोक दचकतात, कारण गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या संदर्भात हे नाव त्यांच्या कानावरून गेलेलं असतं. पण या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची आवडीची जागा ठरलेली आहे. त्या कॅन्सरमागचे मुख्य प्रकार १६ आणि १८ क्रमांकाचे. तळपायावर येतात ते बहुतेक १, २, ४, २७, ५७ या क्रमांकांचे, आणि त्यांना फक्त जाड कातडीत रस असतो. तळव्याला डोळ्यांना न दिसणारी चीर पडलेली असावी, फरशी ओली असावी, पाय अनवाणी असावा, एवढं त्यांना पुरतं. आत शिरून ते बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या थरातल्या पेशी गाठतात.

पुढचा सगळा प्रवास त्या पेशीच्या भरवशावर. त्वचेची पेशी तळाशी जन्मते, हळूहळू वर सरकते, चपटी होते, मरते आणि झडून जाते. विषाणू तिच्याबरोबर वर येतो. तळाशी असताना तो अगदी गप्प असतो, स्वतःच्या मोजक्या प्रती काढून बसलेला. पेशी वरच्या थरांत पोचून मरायला टेकली की तो भराभर वाढतो, आणि झडणाऱ्या कातडीबरोबर बाहेर पडून नवा तळवा शोधतो. पेशीला तो मारत नाही, ती मरणारच असते. रक्तात उतरत नाही. सूज आणत नाही, ताप आणत नाही. वाड्याच्या दारावर पहारेकरी जागे आहेत, पण या पाहुण्याने बाहेरच्या भिंतीवरच संसार थाटलाय. त्याच्याकडे वळून बघायला पहारेकऱ्यांना कारणच नाही. म्हणून चामखीळ महिनोन्‌महिने राहते, कधी वर्षानुवर्षं राहते. आणि मग एखाद्या दिवशी, काय होतं ते होतं, शरीराला तिची चाहूल लागते आणि काही आठवड्यांत ती नाहीशी होते. सगळ्या उपायांचं श्रेय या "काय होतं ते होतं"मध्ये अडकलेलं आहे.

गोठवण्याचा उपाय दिसायला मात्र फार रुबाबदार. डॉक्टरबाईंच्या खोलीत कोपऱ्यात एक ॲल्युमिनियमचं पिंप होतं, अरुंद गळ्याचं. त्याचं झाकण घट्ट बसत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. आतला द्रवरूप नायट्रोजन सारखा उकळत असतो. उणे १९६ अंश सेल्सिअसला तो उकळतो, म्हणजे आपल्या खोलीची हवा त्याला भट्टीसारखीच. एक लिटर द्रवाची सुमारे सातशे लिटर वाफ होते, तिला वाट मिळाली नाही तर पिंपाचा बॉम्ब व्हायचा. त्या पिंपातून त्यांनी थोडा नायट्रोजन हातातल्या फवाऱ्याच्या डब्यात ओतला तेव्हा दोन-चार थेंब फरशीवर सांडले. ते पसरले नाहीत. गोल गोल होऊन, फरशीला न टेकता, टेबलाखालच्या धुळीतून पळत सुटले आणि भिंतीपर्यंत पोचायच्या आत नाहीसे झाले. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टराने १७५६ मध्ये तापलेल्या लोखंडी चमच्यावर पाण्याचे थेंब असे पळताना पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. खालच्या पृष्ठभागाच्या उष्णतेने थेंबाच्या तळाची वाफ होते आणि थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. नायट्रोजनच्या लेखी ती थंडगार फरशीही तापलेली, आणि माझी टाच तर आणखी तापलेली. या वाफेच्या गादीमुळेच नायट्रोजनचा थेंब कातडीवरून घरंगळून गेला तर फारसं काही होत नाही. त्याने काम करावं म्हणून तो एका जागी धरून ठेवावा लागतो, कापसाच्या बोळ्याने दाबून, नाही तर फवाऱ्याची बारीक धार एकाच ठिकाणी सोडून.

हवेत ७८ टक्के असलेला हा वायू बाटलीत उतरवायला माणसाला बराच वेळ लागला. १८८३ मध्ये क्राकोव्ह शहरात झिग्मुंट व्रुब्लेव्हस्की आणि कारोल ओल्शेव्हस्की या पोलिश शास्त्रज्ञांना तो पहिल्यांदा द्रवरूपात साधला. साठवायचा कशात, हा पुढचा प्रश्न. १८९२ मध्ये जेम्स ड्युअरने दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली बाटली बनवली. चहा-कॉफीचा थर्मास हा तिचाच वंशज. ड्युअरने पेटंट घेतलं नाही आणि पैसे दुसऱ्यांनी केले. डॉक्टरांचं लक्ष याकडे लगेच गेलं. न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी १८९९ मध्ये द्रवरूप हवा त्वचारोगांवर वापरल्याचं लिहिलं, त्यात चामखिळीही होत्या. शिकागोचे विल्यम प्युसी १९०७ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाकडे वळले, कारण तो मिळायला सोपा होता. त्याच १९०७ साली इटलीत जुझेप्पे चुफ्फो या डॉक्टराने चामखीळ वाटून तिचा अर्क जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि स्वतःला टोचून घेतला. त्याला चामखिळी आल्या. म्हणजे ज्या वर्षी एक डॉक्टर चामखिळीवर बर्फ लावत होता, त्याच वर्षी दुसरा ती विषाणूने होते हे स्वतःच्या अंगावर सिद्ध करत होता. विषाणू ठाऊक नसताना उपाय चालू होते, हे या विषयाला साजेसंच. नायट्रोजन दवाखान्यात रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर; हर्मन ॲलिंग्टन यांनी १९५० मध्ये कापसाचा बोळा त्यात बुडवून चामखिळीवर टेकवण्याची पद्धत लिहिली, आणि साठच्या दशकात हातात धरायचे फवारे आले.

तर, टाच. "ओरडलात तरी चालेल, पाय मागे घेऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि धार सोडली. पहिला क्षण थंडीचा. दुसऱ्या क्षणापासून ती थंडी राहतच नाही, सरळ आगच वाटते. डोळे मिटून कुणी विचारलं असतं तर मी चटका बसतोय असंच सांगितलं असतं. चामखीळ पांढरी झाली, मग तिच्याभोवतीची एक-दोन मिलिमीटरची कडाही पांढरी झाली. ही कडा महत्त्वाची. ती दिसेपर्यंत थांबायचं आणि मग ती धरून ठेवायची, साधारण दहा ते तीस सेकंद, जागा किती जाड आहे ते पाहून. तळव्याची बाह्यत्वचा दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते, पापणीच्या कितीतरी पट, आणि त्यावर घट्टा चढलेला असेल तर तो पांघरुणाचं काम करतो. आधी सोलणं होतं ते याचसाठी. सोलल्याशिवाय गोठवलं तर बर्फ नुसता घट्ट्याला बसतो.

गोठताना दुखतं त्याहून जास्त वितळताना दुखतं, हे आधी कुणी सांगत नाही. पांढरा डाग कडेकडून गुलाबी व्हायला लागला आणि टाचेत ठणके सुरू झाले, प्रत्येक ठोक्याला एक. आत त्या वेळी काय चाललेलं असतं ते मी नंतर वाचलं. पेशींच्या बाहेरचं पाणी आधी गोठतं. उरलेलं द्रव त्यामुळे खारट होतं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. गोठणं झपाट्याने झालं तर पेशीच्या आतही बर्फाचे स्फटिक होतात. मग वितळताना छोटे स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशीचं आवरण फाडतात, पाणी परत आत घुसतं, पेशी फुगून फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. म्हणून नियम असा की गोठवायचं झटकन आणि वितळू द्यायचं सावकाश. तळव्यावर काही डॉक्टर वितळल्यानंतर पुन्हा एकदा गोठवतात. माझ्या डॉक्टरबाई त्यांपैकीच होत्या. दुसऱ्या वेळी मी ओरडलो.

सगळ्या पेशी थंडीने सारख्याच मरत नाहीत. रंग तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट सगळ्यांत नाजूक; उणे पाच अंशांच्या आसपासच त्या जातात. बाह्यत्वचेच्या नेहमीच्या पेशींना उणे वीस-तीसपर्यंतची थंडी लागते, आणि त्याखालचं तंतूंचं जाळं त्याहून चिवट. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे खोल व्रण सहसा राहत नाही. दुसरी म्हणजे सावळ्या कातडीवर पांढरा डाग मात्र राहू शकतो, कधी महिनोन्‌महिने, कधी कायमचा. तळव्यावर तो कोण बघतंय? पण हाताच्या पाठीवर किंवा चेहऱ्यावर गोठवायची वेळ आली तर हा प्रश्न गोठवण्याच्या आधी विचारावा.

दुसऱ्या दिवशी टाचेवर फोड आला, रक्ताने भरलेला, जांभळा. तो यायलाच हवा होता. गोठलेली बाह्यत्वचा खालच्या थरापासून सुटते आणि मध्ये द्रव भरतो. फोडायचा नाही, फारच ठणकला तर निर्जंतुक सुईने बाजूने टोचून पाणी काढायचं आणि छत तसंच ठेवायचं, असं सांगितलेलं होतं. काही दिवस मी पायाच्या बाहेरच्या कडेवर चाललो. असं चाललं की टाच वाचते आणि दुसऱ्या बाजूचा गुडघा कुरकुरायला लागतो. ऑफिसमध्ये लोकांनी विचारलं, मी पाय मुरगळल्याचं सांगितलं. मुरगळलेल्या पायाला कुणी उपाय सांगत नाही.

आता गंमत अशी, की एवढं सगळं करून विषाणू मरत नाही. थंडीने विषाणू मरत नसतात. प्रयोगशाळांमध्ये विषाणू वर्षानुवर्षं टिकवून ठेवायचे असतील तर ते द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवतात. टाचेवर ज्या द्रवाने मी ओरडलो, तो विषाणूच्या दृष्टीने उत्तम गोदाम आहे. थंडीने मरतात त्या माझ्याच पेशी. त्या फुटल्या की आतला माल उघड्यावर येतो, सूज येते, पांढऱ्या पेशी काय झालं म्हणून धावत येतात, आणि इतके महिने ज्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं तो त्यांच्या नजरेस पडतो. पडला तर. गोठवण्याची खरी कामगिरी ही आरडाओरडा करण्याची आहे. पुढचं शरीराने करायचं.

आणि शरीर करेलच याचा भरवसा किती? इथे आकडे जरा खट्टू करणारे आहेत. ब्रिटनमध्ये तळपायाच्या चामखिळींवरची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा वर्षांवरचे २४० जण. निम्म्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त चार वेळा नायट्रोजन. बाकीच्यांनी घरी रोज ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड लावायचं, जास्तीत जास्त आठ आठवडे. बारा आठवड्यांनी सगळ्या चामखिळी गेलेले किती? दोन्हीकडे १४ टक्के. डच डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काहीच न करणाऱ्यांचाही एक गट होता, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा आकडा त्या गटाचा. तळपायाच्या चामखिळी तेरा आठवड्यांत गोठवणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांच्या गेल्या, ॲसिडवाल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या, आणि नुसतं थांबलेल्यांपैकी २३ टक्क्यांच्या. तिन्हींतला फरक योगायोगाने पडू शकेल एवढाच. हातावरच्या साध्या चामखिळींचं चित्र मात्र त्याच चाचणीत साफ वेगळं होतं: गोठवून ४९, ॲसिडने १५, थांबून ८. म्हणजे गोठवणं थोतांड नाही. तळव्याची जाड कातडी त्याला दाद देत नाही.

चिकटपट्टीचीही गोष्ट अशीच. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत मुलांच्या आणि तरुणांच्या चामखिळींवर साधी डक्ट टेप चिकटवली, तर ८५ टक्क्यांच्या गेल्या आणि गोठवणाऱ्यांच्या ६० टक्क्यांच्या. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. नंतरच्या चाचण्यांत टेपचा तो चमत्कार पुन्हा दिसला नाही. मुलांच्या चामखिळींचं तर १९६३ मध्येच कुणीतरी नीट मोजून ठेवलं होतं: काहीही उपचार न करता दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश चामखिळी गेल्या. मोठ्या माणसांत एवढ्या लवकर जात नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात, इथे तर फांदी तुटायला दोन वर्षांची मुदत आहे आणि कावळे ओळीने बसतायत.

फ्रान्सिस बेकन यांच्याहून याची चांगली साक्ष नाही. पुरावा म्हणजे काय, निष्कर्ष कसा काढावा, हे जगाला शिकवणारा हा माणूस. सोळाएक वर्षांचे असताना पॅरिसमध्ये त्यांच्या दोन्ही हातांवर शंभरेक चामखिळी उठल्या. इंग्रज राजदूताच्या बायकोने डुकराच्या चरबीचा तुकडा त्यांवर चोळला आणि तो दक्षिणेकडच्या खिडकीच्या खांबाला खिळ्याने ठोकला. उन्हात चरबी वितळत गेली. पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गेल्या, लहानपणापासून बोटावर असलेली एकसुद्धा. नव्या गेल्या त्याचं आपल्याला फारसं नवल नव्हतं, पण ती जुनी गेली त्याचं राहून राहून वाटलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. बेकनसारख्याला चरबीने चकवलं, तिथे आपण चिकटपट्टीवाल्याला का हसावं?

मग मी गोठवून का घेतलं? आधी सॅलिसिलिक ॲसिड लावून पाहिलं होतं. अंघोळीनंतर कातडी मऊ असताना घासायची, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, मग थेंब टाकायचा, पट्टी बांधायची, आणि हे रोज. घासायची वजरी वेगळी ठेवायची, दुसऱ्या कुणी वापरायची नाही, नाही तर प्रसादासारखी चामखीळ वाटली जाते. या उपायाच्या बाजूने पुरावा बरा आहे, खर्च कमी आहे, दुखत नाही. कुणी विचारलं तर मी अजूनही पहिल्यांदा हेच कर म्हणेन. पण हा फार कंटाळवाणा उपाय आहे, आणि कंटाळ्याने जितकी औषधं हरतात तितकी रोगाने हरत नसावीत. गोठवणं त्याच्या नेमकं उलट. धूर निघतो, दुखतं, फोड येतो, काहीतरी झालं याची खूण पायावर राहते. डॉक्टरलाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. आणि मध्ये दोन-तीन आठवडे सुट्टी. लवकर लवकर गोठवून घेतलं तर चामखीळ जायचीच असेल तर थोडी लवकर जाते, पण जाणाऱ्यांची संख्या वाढत नाही. जोर लावून, जास्त वेळ गोठवलं तर थोडा जास्त गुण येतो असं दिसतं, फोड आणि दुखणंही त्याच मापात वाढतं.

औषधाच्या दुकानात घरी गोठवायचे फवारे मिळतात, त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यांत नायट्रोजन नसतो. डायमिथिल ईथर आणि प्रोपेन असतं, तेही जेमतेम उणे ५७ अंशांचं. स्पंजच्या टोकातून कातडीपर्यंत पोचता पोचता त्यातलाही बराच गारवा संपतो. शिवाय कातडीखाली नेमकं काय आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनी तर ना घरचा फवारा वापरावा, ना ॲसिड. त्यांना फोड आलेला कळत नाही आणि आलेली जखम भरत नाही. चामखिळीपायी पाय गमवायची वेळ यायला नको.

माझ्या डाव्या पायाच्या चवड्यावरही एक छोटी चामखीळ होती, हे सांगायचं राहिलं. ती दाखवली तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिला राहू दे. दोन्ही पाय एकदम दुखायला लागले तर घरी जाल कसे?" म्हणून तिला कुणी हातच लावला नाही. उजव्या टाचेचं मात्र दर खेपेला तेच चालू राहिलं: सोलणं, गोठवणं, ओरडणं, फोड, लंगडणं. मधल्या एका खेपेला वाटलं की काही उपयोग नाही, सोडून द्यावं. पुढच्या खेपेला सोलल्यावर काळे ठिपके कमी दिसले. मग एकदा त्यांनी भिंग बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "रेषा आल्या." टाचेवरच्या रेषा त्या जागेवरून सरळ, न वळता गेल्या होत्या. चामखीळ गेली असं म्हणायला एवढीच कसोटी लागते.

मी सवयीने डावा पायही वर घेतला. चवडा साफ होता. कधी साफ झाला ते मला माहीत नाही, मी तिकडे पाहतच नव्हतो.

"म्हणजे उजवीकडच्या भानगडीने शरीर जागं झालं, आणि त्याने डावीकडचीही साफ केली?" मी विचारलं.

"असं होतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "किंवा दोन्हींची वेळच भरली होती, आणि मी उगाच तुम्हाला इतके दिवस रडवलं."

"मग तुमचं मत काय?"

"माझं मत असं की बाहेर चार पेशंट बसलेत," असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली.